गुरुत्वीय लहरींवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग कसा मोजावा

विश्व किती वेगाने प्रसरण पावत आहे हे काढायला मुळात दोनच गोष्टी लागतात: एखादी दीर्घिका आपल्यापासून किती दूर आहे आणि ती किती वेगाने आणखी दूर जात आहे. वेगाला अंतराने भागले की हबल स्थिरांक मिळतो. तो किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक या एककात सांगतात, आणि एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षे. यातला वेग वर्णपटावरून फारसे कष्ट न घेता मिळतो. सगळी अडचण अंतराची आहे. नेहमीच्या पद्धतीत जवळच्या ताऱ्यांचा पराशय (पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्यांची जागा बदलल्याचा भास), मग सेफीड तारे (ठरावीक काळाने कमीजास्त तेजाळणारे तारे), मग एकए प्रकारचे अतिनवतारे (स्फोट पावणारे तारे) अशी एकावर एक शिडी रचावी लागते आणि खालच्या पायरीतली चूक वरपर्यंत जाते. या शिडीने मिळणारा आकडा ७३ च्या आसपास आहे, तर प्लँक उपग्रहाच्या वैश्विक पार्श्वप्रारणाच्या (विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेल्या प्रारणाच्या) मोजणीतून ६७.४ हा आकडा निघतो. दोन्हींच्या सांगितलेल्या त्रुटी इतक्या लहान आहेत, की ही तफावत निव्वळ योगायोगाची मानणे कठीण जाते.

गुरुत्वीय लहरी म्हणजे जड वस्तूंच्या हालचालींमुळे अवकाशात उठणारे तरंग. त्यांची पद्धत या वादात उपयोगी पडते ती शिडी लागत नाही म्हणून. बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले, की एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या दोन ताऱ्यांच्या लहरींमध्येच त्यांचे अंतर लिहिलेले असते. ते वाचायला दुसऱ्या कोणत्याही मापाचा आधार लागत नाही. अशा जोड्यांना पुढे ‘स्टँडर्ड सायरन’ हे नाव पडले. ही मोजणी प्रत्यक्ष कशी करायची आणि तिच्यात हात कुठे भाजतो, हे पुढे क्रमाने दिले आहे.

सुरुवात कोणत्या घटनेपासून करावी

पहिल्या प्रयत्नासाठी १७ ऑगस्ट २०१७ ची जीडब्ल्यू १७०८१७ हीच घटना घ्यावी. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे (जड ताऱ्यांच्या मृत्यूनंतर उरलेल्या अतिघन गाभ्यांचे) हे विलीनीकरण अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगोच्या दोन शोधकांनी (लहरी टिपणाऱ्या यंत्रांनी) आणि इटलीतील व्हर्गोने टिपले. तिघांचा मिळून संकेत गोंगाटाच्या सुमारे ३२ पट स्पष्ट होता, विलीनीकरणानंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा स्फोट नोंदला गेला आणि अकरा तासांच्या आत यजमान दीर्घिकाही, म्हणजे ही जोडी जिच्यात होती ती दीर्घिका, सापडली. अंतर आणि वेग या दोन्ही गोष्टी एकाच घटनेतून इतक्या नेटकेपणाने हाती लागण्याचे दुसरे उदाहरण अजून नाही. २०१९ मधील जीडब्ल्यू १९०४२५ या घटनेतही न्यूट्रॉन ताऱ्यांचीच जोडी असल्याचे मानले जाते, पण तिची जागा आठ हजारांहून अधिक चौरस अंशांत पसरलेली होती आणि तिचा प्रकाश सापडलाच नाही.

लायगो आणि व्हर्गोची मूळ नोंद गुरुत्वीय लहरींच्या खुल्या विदाकेंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य मिळते. पायथॉन भाषेत काम करणाऱ्याने जीडब्ल्यूपाय, पायसीबीसी आणि बिल्बी ही मुक्त साधने बसवून घ्यावीत. फाइल उतरवताना एक खबरदारी घ्यावी. लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत विलीनीकरणाच्या सुमारे १.१ सेकंद आधी यंत्राचा एक मोठा खडखडाट आहे. संकेताची वारंवारता तेव्हा १३० हर्ट्झच्या आसपास होती, म्हणजे तो खडखडाट अगदी मोक्याच्या जागी बसला आहे. तो काढून टाकलेली वेगळी फाइल त्याच संकेतस्थळावर आहे, ती वापरावी. मूळ फाइलवर काम करून अंतर काढणे म्हणजे चुकीच्या उत्तरासाठी कष्ट घेणे होय.

अंतर: तीन आकड्यांचे गणित

प्रथम नोंदीचा काळ-वारंवारता आलेख काढावा. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वारंवारता घेतली, की डावीकडे जवळजवळ सपाट असलेली आणि शेवटी एकदम वर झेपावणारी एक बारीक रेघ दिसते. ही रेघ ५० हर्ट्झची पातळी केव्हा ओलांडते आणि १०० हर्ट्झची केव्हा, हे वाचावे. या घटनेत या दोन क्षणांमध्ये सुमारे १२ सेकंद जातात. १०० हर्ट्झनंतर मात्र विलीनीकरणाला जेमतेम २.२ सेकंद उरतात. १०० हर्ट्झपाशी वारंवारता दर सेकंदाला सुमारे १७ हर्ट्झने वाढत असते. जोडी जितकी जड, तितकी ही वाढ वेगवान असते, म्हणून या वाढीवरून दोन्ही ताऱ्यांच्या वस्तुमानांचा एक विशिष्ट संयोग मिळतो. त्याला चर्प वस्तुमान म्हणतात आणि येथे ते सूर्याच्या १.२ पट येते. इतके वस्तुमान असलेल्या जोडीने १०० हर्ट्झवर किती ऊर्जा बाहेर टाकायला हवी, हे सामान्य सापेक्षता सिद्धांत सांगतो. आपल्यापर्यंत लहर किती क्षीण होऊन पोहोचली, हे शोधक सांगतो. या दोन्हींच्या तुलनेतून अंतर निघते.

शुट्झ यांच्या युक्तीतली मौज अशी, की सूत्रे एकमेकांत घातली की वस्तुमान चक्क कटून जाते. उरतात फक्त वारंवारता, तिच्या वाढीचा दर आणि लहरीचा आयाम (तिचा जोर). वाढीच्या दराला ०.०२११ ने गुणावे, मग वारंवारतेच्या घनाने आणि आयामाने भागावे. उत्तर सेकंदांत येते आणि प्रकाशाला तेथून येथे पोहोचायला तितका वेळ लागतो, असा त्याचा अर्थ होतो. एक उदाहरण करून पाहू. वारंवारता १०० हर्ट्झ, वाढीचा दर १६.९ हर्ट्झ प्रति सेकंद आणि आयाम ७.५ गुणिले १० चा उणे २३ वा घात असे धरले, तर उत्तर ४.७५ गुणिले १० चा १५ वा घात इतके सेकंद येते. वर्षांत हे सुमारे १५ कोटी होतात, म्हणजे अंतर ४६ मेगापार्सेक. न्यूट्रॉन ताऱ्यांबद्दल काहीही माहीत नसताना तीन आकड्यांवरून हे अंतर निघाले, ही गोष्ट थोडा वेळ थांबून पाहण्यासारखी आहे.

पण हा हिशेब म्हणजे पद्धतीचा सांगाडा झाला. इतक्या आयामाची लहर शोधकाच्या चार किलोमीटरच्या भुजांमध्ये जो फरक घडवते, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या पाच हजाराव्या भागाहूनही थोडा कमीच असतो. तो गोंगाटात पूर्ण बुडालेला असतो आणि आलेखावर पट्टी ठेवून वाचता येत नाही. त्यासाठी सिद्धांतानुसार तयार केलेले लाखो नमुने नोंदीवर सरकवून कोणता सर्वांत चांगला जुळतो ते पाहावे लागते. या तंत्राला मॅच्ड फिल्टरिंग म्हणतात, आणि जोडताऱ्यांच्या लहरींसाठी ते घडवण्यात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. पायसीबीसीमध्ये हे तयार मिळते. शिवाय शोधकाचे स्वतःचे मापही तपासलेले असावे लागते: आरशावर लेसरचा ज्ञात दाब देऊन तो किती हलतो हे पाहतात आणि त्यावरून आयामाचे माप ठरवतात. या मापात दोन टक्क्यांची चूक असेल, तर ती अंतरातही दोन टक्क्यांची चूक म्हणून उतरते, आणि कितीही घटना जमवल्या तरी ती पुसली जात नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रसरणामुळे वाटेत लहर ताणली जाते, त्यामुळे शोधकाला जोडी प्रत्यक्षापेक्षा थोडी जड भासते. हलकी जोडी जास्त ताणली गेली की जड जोडी कमी ताणली गेली, हे लहर सांगू शकत नाही. याच कारणाने लहरींमधून अंतर मिळते, पण ताम्रसृती (प्रसरणामुळे लहर किती ताणली गेली याचे माप) मिळत नाही, आणि वेगासाठी प्रकाशाकडेच वळावे लागते.

कक्षेच्या कलाचा पेच

वरच्या उदाहरणात एक गृहीतक न सांगताच घेतले होते: जोडीची कक्षा आपल्याला अगदी समोरून, ताटाच्या तोंडासारखी गोल दिसते. लहर समोरच्या दिशेने सर्वांत जोरदार निघते. कक्षा ३० अंशांनी कललेली असेल, तर आपल्याकडे येणारी लहर सुमारे १३ टक्क्यांनी क्षीण असते, आणि तोच आयाम मिळण्यासाठी जोडी तितकीच जवळ असावी लागते. म्हणजे ४६ मेगापार्सेकचे ४० होतात. या दीर्घिकेचा प्रसरणाचा वेग ३,०१७ किलोमीटर प्रति सेकंद धरला, तर पहिल्या अंतरावरून हबल स्थिरांक ६६ येतो आणि दुसऱ्यावरून ७५. सगळा वाद ६७ आणि ७३ यांच्यामधला आहे. तो एकट्या कलाच्या अनिश्चिततेत आरामात मावतो. या पद्धतीचे वर्णन करताना ‘स्वयंपूर्ण मोजणी’ हा शब्द अनेकदा वापरतात. तो खरा आहे, पण कलाचा उल्लेख केल्याशिवाय तो वापरू नये असे मला वाटते.

कल मोजण्याचा मार्ग ध्रुवीकरणातून, म्हणजे लहर अवकाशाला कोणत्या दिशांना ताणते-आवळते यातून जातो; अशी ध्रुवीकरणे दोन असतात. समोरून येणाऱ्या लहरीत दोन्ही ध्रुवीकरणे सारख्या प्रमाणात असतात, कडेवरून येणाऱ्या लहरीत एकच उरते. अडचण अशी, की ३० अंशांपर्यंतच्या कलात दोन्ही जवळजवळ सारखीच घटतात, त्यामुळे नेमका फरक करायचा तेथेच तो दिसत नाही. त्यात लायगोचे दोन्ही शोधक जवळपास एकाच दिशेला बसवलेले असल्याने ते प्रामुख्याने एकच ध्रुवीकरण वाचतात. वेगळ्या दिशांना बसवलेले शोधक जितके अधिक, तितके हे कोडे सैल होते. व्हर्गो, जपानचा काग्रा आणि हिंगोली जिल्ह्यात उभारला जाणारा लायगो-इंडिया यांचे महत्त्व आकाशातील जागा शोधण्याइतकेच यासाठीही आहे.

जीडब्ल्यू १७०८१७ मध्ये दुसरी वाट मिळाली. विलीनीकरणातून निघालेला पदार्थाचा झोत रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यातून पाहिला, तेव्हा तो आकाशात प्रकाशाच्या सुमारे चौपट वेगाने सरकताना भासला. हा आभास झोत आपल्या दिशेच्या जवळून येत असल्याशिवाय होत नाही, आणि त्यावरून झोताचा, म्हणजेच कक्षेच्या कलाचा, कोन २० अंशांच्या आसपास ठरला. कोन इतका आवळल्यावर हबल स्थिरांकाची त्रुटी सुमारे १४ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली. मात्र झोताच्या रचनेची प्रतिकृती गृहीत धरल्याशिवाय कोन निघत नाही, म्हणून दोन्ही निकाल, झोतासह आणि झोताविना, वेगवेगळे लिहून ठेवावेत.

दीर्घिका आणि तिचा वेग

तीन शोधकांपर्यंत लहर पोहोचण्याच्या वेळांतील मिलिसेकंदांच्या फरकावरून आकाशातील जागा ठरते. या घटनेत व्हर्गोला संकेत जवळजवळ ऐकूच आला नाही, आणि तेच उपयोगी ठरले: जोडी व्हर्गोच्या बधिर दिशेजवळ असली पाहिजे, हे त्यावरून कळले आणि शोधाचे क्षेत्र सुमारे २८ चौरस अंशांवर आले. लहरींवरून मिळालेल्या अंतरात बसणाऱ्या दीर्घिकांची यादी घेऊन दुर्बिणी एकेक तपासत गेल्या, आणि चिलीमधील लास कँपानास वेधशाळेच्या एक मीटर व्यासाच्या स्वोप दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातील एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका दिसला.

आता दीर्घिकेचा वर्णपट घ्यावा. एनजीसी ४९९३ ही जुन्या ताऱ्यांची दीर्घिका आहे, त्यामुळे तिच्यात कॅल्शियमच्या दोन शोषण रेषा ठळक असतात. प्रयोगशाळेत त्या ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटरवर असतात. या दीर्घिकेची ताम्रसृती सुमारे ०.००९८ आहे, म्हणून पहिली रेषा सरकून ३९७.२ वर येते, म्हणजे दुसऱ्या रेषेच्या मूळ जागेला जवळजवळ चिकटून बसते. घाईत पाहणारा तिला न सरकलेली दुसरी रेषा समजून दीर्घिका स्थिर असल्याचे सांगेल. म्हणून एका रेषेवर कधीही विसंबू नये. दोन्ही रेषांची जोडी आणि आणखी एखादी ओळखीची रेषा जुळली, तरच ताम्रसृती लिहावी.

ताम्रसृतीला प्रकाशाच्या वेगाने गुणले की वेग मिळतो, पण तो प्रसरणाचा शुद्ध वेग नव्हे. त्यात आपली आणि त्या दीर्घिकेची खासगी धावपळ मिसळलेली असते. वैश्विक पार्श्वप्रारणाच्या तुलनेत सूर्य सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने धावतो, आणि योगायोगाने एनजीसी ४९९३ बऱ्याच अंशी त्याच दिशेला आहे, म्हणून ही दुरुस्ती येथे मोठी ठरते. शिवाय एकट्या दीर्घिकेऐवजी ती ज्या समूहात फिरते त्या समूहाचा सरासरी वेग घ्यावा. वरच्या दुरुस्तीसह तो ३,३२७ किलोमीटर प्रति सेकंद आहे. त्यातून आसपासच्या वस्तुमानाच्या ओढीमुळे आलेले ३१० किलोमीटर वजा करावेत. उरतात ३,०१७, आणि त्यांची त्रुटी सुमारे १६६ किलोमीटर, म्हणजे साडेपाच टक्के. ही ओढ दीर्घिकांच्या नकाशांवरून अंदाजाने काढलेली असते, त्यामुळे तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. दीर्घिका २०० मेगापार्सेकवर असती, तर तीच दीडशे-एक किलोमीटरची चूक टक्काभर उरली असती, पण तेथून येणारी लहर पाचपट क्षीण असती. फार जवळच्या घटनेत वेग घात करतो, फार दूरच्या घटनेत अंतर.

भागाकार कसा करावा

लायगो आणि व्हर्गोच्या मूळ विश्लेषणात अंतर ४३.८ मेगापार्सेक निघाले होते, वर २.९ आणि खाली ६.९ इतक्या त्रुटीसह. साधा भागाकार केला तर ६८.९ येतात, प्रसिद्ध झालेला निकाल मात्र ७० आहे, वर १२ आणि खाली ८ त्रुटीचा. हा फरक छपाईची चूक नाही. अंतराची त्रुटी दोन्ही बाजूंना सारखी नसल्याने मधल्या आकड्यांचा भागाकार आणि संपूर्ण शक्यता-वितरणाचे शिखर एकाच जागी येत नाही. म्हणून हबल स्थिरांकाच्या २० ते १४० पर्यंतच्या प्रत्येक किमतीसाठी वेगावरून अंतर काढावे, त्या अंतराला आणि सर्व संभाव्य कलांना लहरींचा किती पाठिंबा आहे हे पाहावे, आणि कलांवर बेरीज करून वक्र तयार करावा.

या वक्राला ज्याने भागायचे ते एक पद हमखास विसरले जाते. शोधकाला ठरावीक अंतरापर्यंतच ऐकू येते. हबल स्थिरांक मोठा धरला, तर त्याच अंतरात अधिक ताम्रसृतीच्या दीर्घिका येतात, आणि त्यांची संख्या स्थिरांकाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. या निवडीचा हिशेब न केल्यास एका घटनेत फारसे बिघडत नाही, पण पन्नास घटना एकत्र केल्या की निकाल ठामपणे चुकीच्या जागी जाऊन बसतो. एका घटनेची त्रुटी १५ टक्के मानली, तर वर्गमुळाच्या नियमाने ५० घटनांतून ती सुमारे दोन टक्क्यांवर येते, आणि वादावर काही बोलायचे तर साधारण तितक्या घटना हव्यात.

प्रकाश दिसलाच नाही तर

बहुतेक घटना कृष्णविवरांच्या असतात आणि त्यांच्यातून प्रकाश दिसत नाही. अशा वेळी लहरींनी दाखवलेल्या आकाशखंडातील सर्व दीर्घिकांची यादी घ्यावी, प्रत्येक जणू यजमान आहे असे धरून स्थिरांक काढावा आणि संभाव्यतेनुसार सर्वांना वजन द्यावे. १४ ऑगस्ट २०१७ च्या जीडब्ल्यू १७०८१४ या घटनेवर असे पहिल्यांदा केले तेव्हा ७५ हा आकडा आला, वर ४० आणि खाली ३२ त्रुटीचा. म्हणजे एकट्या घटनेतून जवळजवळ काहीच कळत नाही. ४७ घटना आणि जीडब्ल्यू १७०८१७ एकत्र घेऊन केलेल्या विश्लेषणात ६८ आले, वर ८ आणि खाली ६ त्रुटीसह. त्या निकालाचा बराचसा भार २०१७ च्या त्या एका घटनेवरच आहे, शिवाय कृष्णविवरांच्या वस्तुमानांचे वितरण कसे गृहीत धरले यावर तो बराच हलतो. दीर्घिकांची यादी अपुरी असते हेही विसरू नये: दूरच्या मंद दीर्घिका यादीत नसतात, म्हणून न दिसलेल्या यजमानाची शक्यता वेगळे पद म्हणून ठेवावी लागते.

या सर्व टप्प्यांत निवड करायला जागा आहे: कोणती दीर्घिका यादीत घ्यायची, ओढीची कोणती दुरुस्ती वापरायची, झोताचा कोन घ्यायचा की नाही. ६७ आणि ७३ हे दोन्ही आकडे माहीत असताना हात नकळत एकीकडे वळतो. म्हणून आज्ञावली लिहितानाच हबल स्थिरांकाच्या अक्षात एक यादृच्छिक संख्या मिळवून ठेवावी, ती स्वतःला दिसू देऊ नये, वक्राची रुंदी आणि आकारच तेवढे तपासत सर्व निवडी पक्क्या कराव्यात, आणि आज्ञावली बंद केल्यानंतरच ती संख्या वजा करून आकडा वाचावा.